दरवाजाबाहेरचा दगड

लटारूच्या पणजोबानं प्राणहिता नदीचा उथळ उतार गोऱ्या फौजेला दाखवला आणि गड पडला, असं गाव म्हणायचं. बंदुकीच्या धाकानं दाखवला की इनामासाठी, हे कुणी विचारलं नाही. तेव्हापासून दसऱ्याला सारं गाव गडात सोनं वाटायला जायचं आणि लटारूचं घराणं दरवाजाबाहेर एका दगडावर बसून राहायचं. त्याचा बाप त्याच दगडावर म्हातारा झाला. यंदा पंचवार्षिक योजनेतल्या पुलासाठी ठेकेदारानं तटासकट दरवाजाच सुरुंगानं उडवला, दगड ट्रकांतून नेले. दसऱ्याला दरवाजाच्या जागेपाशी उभ्या लटारूकडे पाटीलच आपट्याचं पान घेऊन आले. “ये गा आत. आता कायची मनाई?” लटारूनं पाहिलं. पलीकडे झुडपं, अलीकडेही झुडपंच. “आत म्हंजे कुठी, पाटील? दरवाजा होता, माहा बाप होता, तवा बोलवाचं होतं.” त्यानं पान घेतलं नाही. बापाचा दगडही पुलात गेला होता. लटारू तिथं मातीतच बसला.