अतिशय आवडलं

देव प्रत्येकाला एक तरी देणगी अशी देतो, की त्या बाबतीत कुणी त्याचा हात धरू शकत नाही. नेव्हिल ट्रेलोअरला त्याने जीभ दिली होती. निदान नेव्हिलचं मत तसं होतं. त्याची बायको कोरल म्हणायची, जीभ दिली ते ठीक आहे, पण सोबत आवाजही दिला, तिथे देव चुकला.

आत्ता ती जीभ लाल दिव्याखाली बसली होती. चाखणीच्या खोलीत दिवे मुद्दाम लाल असतात, म्हणजे पदार्थाच्या रंगावर कुणी भाळत नाही. समोर पांढरी वाटी, वाटीवर नुसता आकडा, शेजारी पाणी आणि एक बेचव बिस्किट. नेव्हिलने चमचा तोंडात घातला आणि तो तसाच थांबला.

हिरव्या टोमॅटोचं लोणचं. मनुका, मोहरी, आणि जरा जास्तच झालेली लवंग. ही लवंग त्याच्या आईच्या हातची. आई गेल्यापासून ती जगात एकाच स्वयंपाकघरात पडत होती. ते स्वयंपाकघर होतं त्याच्या मुलीचं, ब्रॉन्विनचं.

बस चालवायची नोकरी संपल्यापासून नेव्हिल हाच उद्योग करत होता. ॲडलेडमधली ही कंपनी दुकानांच्या एका बड्या साखळीसाठी नवा माल आधी माणसांवर तपासून बघायची. बदल्यात खरेदीची कुपनं मिळत आणि पिशवी भरून फुकटचा माल. नेव्हिलच्या डोक्यावर केस उरले नव्हते, पण न्हाणीघरात शाम्पूला जागा पुरत नव्हती. बाकीच्यांना वर्षाकाठी एखादं बोलावणं यायचं, नेव्हिलला दर महिन्याला. चाखणीची व्यवस्था बघणारी डिमित्रा स्वतः फोन करायची. "नेव्हिल, याच हं. तुमचं मत आल्याशिवाय वरचे लोक पुढे जात नाहीत." हे वाक्य नेव्हिलने क्लबातल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. काहींना दोनदा.

ब्रॉन्विनने नगरपालिकेतली नोकरी सोडली होती. घर गहाण टाकून मोठी पातेली घेतली होती, एक शेड भाड्याने घेतली होती. लोणचं चाखणीत पास झालं तर राज्यभरातल्या दुकानांत लागणार होतं. नाही झालं, तर घर बँकेचं. चाखणी कुठे होणार, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नियम साधा होता. बनवणारा ओळखीचा वाटला तर वाटी सरकवून उठायचं. लपवलं आणि उघडकीस आलं, तर त्या बनवणाऱ्याचा माल साखळीतून कायमचा बाद.

नेव्हिलने डावीउजवीकडे पाहिलं. मग प्रत्येक प्रश्नापुढे 'अतिशय आवडलं'वर खूण केली आणि शेरा लिहिला: "असं लोणचं जन्मात खाल्लं नव्हतं." जन्मभर तेच खाल्लं होतं.

पंधरवड्याने ब्रॉन्विनला फोन आला. लोणचं नापास. कारण सांगायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेव्हिल डिमित्रासमोर उभा होता.

"ते हिरव्या टोमॅटोचं लोणचं कुणी पाडलं? कुणाची जीभ मेली होती?"

"नेव्हिल, असं विचारायचं नसतं."

"माझं मत तरी बघितलं का?"

"तुमचंच तर आधी बघतात."

"मग?"

डिमित्राने उठून दार लोटून घेतलं. "बीटरूटचं दही आठवतंय?"

"झकास होतं."

"बंद पडलं. कॉफीच्या वासाचा दाढीचा साबण?"

"माझ्याकडे अजून आहे."

"तुमच्याकडेच आहे. मटणाच्या चवीचे वेफर्स, निळं लोणी, तो पुदिन्याचा सॉस, सगळं आपटलं." तिने आवाज खाली आणला. "रागावू नका. अशी माणसं असतात प्रत्येक शहरात थोडीफार. त्यांना जे मनापासून आवडतं, ते बाजारात चालत नाही. कंपन्या अशी माणसं शोधत फिरतात. आम्हाला तुम्ही मिळालात. तुम्ही एकदाही चुकला नाहीत, नेव्हिल. तुम्हाला एखादी वस्तू अतिशय आवडली, की वरचे लोक ती घेत नाहीत."

"आणि बाकीच्यांना? लोणचं?"

"बाकीच्यांना आवडलं होतं. चांगलंच आवडलं होतं."

नेव्हिलने तोंड उघडलं. ते लोणचं माझ्या पोरीचं आहे, माझं मत सोडून द्या, एवढंच म्हणायचं होतं. मग त्याला नियम आठवला, आणि त्याने तोंड मिटलं. कोरलला हे दृश्य बघायला मिळालं नाही.

"पुढच्या बुधवारी आइस्क्रीम आहे," डिमित्रा म्हणाली. "याल ना?"

संध्याकाळी ब्रॉन्विन आली. रडून झालं होतं. तिने बरणी टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि चमचा बापाच्या हातात दिला.

"डॅड, घरातलं माणूस म्हणून नको सांगूस. तू इतकी वर्षं चाखतोयस, तुला कळतं त्यातलं. काय कमी पडलं?"

"सांग की आता," कोरल म्हणाली. "एरवी तर न विचारता सांगतोस."

नेव्हिलने चाखलं. काहीच कमी नव्हतं. दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मीठ," तो म्हणाला.

पुढच्या खेपेपासून ब्रॉन्विनने मीठ वाढवलं.