दोनच माणसांची गाडी

मिस्त्रींनी ताडपत्री ओढली तेव्हा आधी धूळ उडाली, मग गाडी दिसली.

एके काळी लाल असावी. आता रंग जुन्या विटेसारखा झाला होता. चारही टायर बसलेले, पुढच्या काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा. परदेशी स्पोर्ट्स कार, जेमतेम कमरेइतकी उंच. अकरा वर्षं मिस्त्रींच्या गॅरेजमागच्या शेडमध्ये ती अशीच उभी होती.

"नाव मोठं, लक्षण खोटं," बाईंचे यजमान म्हणाले.

बाई बोटाने गाडीवरची धूळ पुसत होत्या. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. गेल्या आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलच्या दोन्ही गाड्या विकल्या आणि पाटी उतरवली. पुढच्या महिन्यात दोघं मुलाकडे कायमची राहायला जाणार होती. घर बघायला गिऱ्हाइकं येऊ लागली होती. आणि नेमकी आत्ताच बाईंना ही गाडी घ्यावीशी वाटत होती. पोस्टातून निवृत्त झालेले यजमान सोबत आले होते, ते फक्त नाही म्हणायला.

"काही लपवत नाही, बाई," मिस्त्री म्हणाले. "इंजिन जाम आहे. वायरिंग उंदरांनी खाल्लं. खालच्या पत्र्याला बोट लावलंत तर आरपार जाईल. सुटे भाग काढून विकायला चौघं येऊन गेले. चौघांनाही हाकलून दिलं."

"मग तुम्हीच का नाही दुरुस्त केलीत?" यजमानांनी विचारलं.

"करणारच होतो." मिस्त्रींनी गुडघ्यावर हात ठेवला. "उद्या करू, उद्या करू म्हणत हे बघा काय झालं. आता खाली बसलो की उठवायला माणूस लागतो."

यजमान बाईंकडे वळले. "बरं, घेतली समज. ठेवणार कुठे? मुलाकडे एकच गाडी मावते आणि तिथे सूनबाईंची असते."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. बघायची होती, बघितली."

पण त्या निघाल्या नाहीत. गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या. सवयच ती, शिकवणाऱ्याची बाजू. दार दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा कुरकुरत उघडलं. साडी सावरून त्या आत बसल्या आणि दचकल्या. समोर स्टिअरिंग होतं.

"परदेशी गाडी ना, तिकडे ते डावीकडे असतं, बाई," मिस्त्री म्हणाले.

एकतीस वर्षं बाईंनी या बाजूला बसून दुसऱ्यांचे हात पाहिले होते. घामेजलेले, थरथरणारे, उगाच शूरपणा करणारे. हळू. क्लच सोडा. घाबरू नका, मी आहे ना. या सीटवरून त्या एवढंच बोलत आल्या होत्या. आता त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. फिरवलं नाही, नुसते ठेवले.

तडकलेल्या काचेतून यजमान बघत होते. मग तेही पलीकडून आले, दार उघडलं आणि एका हाताने छताला धरून खाली खाली जात एकदाचे सीटवर आदळले. गुडघे हनुवटीशी आले.

"ही बसायची गाडी आहे की पडायची?" ते म्हणाले. मग समोर बघून, "माझ्यापुढे काहीच नाही गं."

"बरंच झालं. तुम्हाला कुठे येतं चालवायला?"

"शिकवणारीच तशी भेटली. तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात उतरवलंस मला."

"तुम्ही भिंतीवर घातली होतीत."

"भिंत मध्ये आली."

बाई हसल्या. तेही हसले, आणि शेडच्या दाराशी उभे असलेले मिस्त्री उगाच दुसरीकडे बघू लागले.

हसू ओसरल्यावर बाई स्टिअरिंगकडेच बघत म्हणाल्या, "तिकडे दिवसभर काय करायचं हो?"

सहा महिने जायच्या गोष्टी चालल्या होत्या. कपाटं कुठली न्यायची, कुठली द्यायची, हे सगळं ठरलं होतं. हा प्रश्न मात्र कुणीच कुणाला विचारला नव्हता. यजमानांनी समोरच्या कप्प्याचं झाकण उघडून पाहिलं, परत लावलं. ते लागेना, म्हणून हाताने दाबून धरलं.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. मुलगा होता.

"हां, बोल रे... नाही, घरी नाही. आईबरोबर आहे. गाडीत बसलोय... नाही, कुठे चाललो नाही. चालत नाही ती." त्यांनी जरा वेळ ऐकलं. "आईसाठी बघतोय... हो, हो, दोनच सीट आहेत. आम्ही दोघंच आहोत ना!"

मग फोनवर हात ठेवून त्यांनी दारातून मान बाहेर काढली. "मिस्त्री, हिला दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील हो?"

"दिवस?" मिस्त्री म्हणाले. "तीन वर्षं धरून चला. तीही बाई रोज आल्या तर. मी स्टुलावर बसून सांगेन, हात त्यांचे."

यजमानांनी बाईंकडे पाहिलं. त्यांचे हात अजून स्टिअरिंगवरच होते.

"तीन वर्षं लागतील म्हणतात," त्यांनी फोनमध्ये सांगितलं.

पलीकडे मुलगा बराच वेळ बोलत होता. यजमान हं, हं करत शांतपणे सगळं ऐकून घेत होते.

"अरे, मी तेच तर सांगतोय," शेवटी ते म्हणाले. "त्याआधी आम्हाला निघता कसं येईल?"