मागच्या खुर्चीवरून दिसेल असा टीव्ही

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवसापासून दाभोळ्यांना साधी कुठली भाजी घ्यायची तेही ठरवता येईना. घरातलं सगळं तीच ठरवायची. त्यात साहेबांनी पाटबंधारे ऑफिसच्या मीटिंगसाठी टीव्ही निवडायचं काम त्यांच्यावरच टाकलं.

दुकानदाराने मोठ्या टीव्हीवर रंगीत मासे दाखवले. दाभोळ्यांनी ऑफिसचा लॅपटॉप जोडून धरणांचा तक्ता लावला आणि ते बारा पावलं मागे गेले.

“मासे झकास, पण आकडे पुसट. शेवटचा रकाना तर कापलाच जातोय.”

“काका, एवढं बारीक कोण बघतं?”

“मागच्या खुर्चीवरचे आमचे शिंदे. त्यांना चुका काढायलाच पगार मिळतो.”

शेजारच्या लहान टीव्हीवर तोच तक्ता लावला, तेव्हा मागूनही आकडा न् आकडा स्वच्छ दिसला. “हाच द्या,” दाभोळे म्हणाले. कुणालाही न विचारता आपण ठरवलं, हे ध्यानात आलं आणि त्यांना हायसं वाटलं.

बायकोच्या साड्या कुणाला द्यायच्या, ते अजून ठरवायचं होतं.