मरळीचा डोह

दगडूबांचा पाय गुडघ्यापर्यंत गाळात रुतला होता. उपसायला गेलं की आणखी खाली जात होता. त्यांनी बंडीच्या खिशातला फोन काढून सुनेला लावला.

"शालन, नदीत अडकलोय. कुणाला तरी घेऊन ये, दोर आण. चारला बंधाऱ्याचं पाणी सोडतात."

"अगं बाई. कुठं आहात, मामा?"

"मरळीच्या डोहाशी."

"तो कुठला?"

"वामीच्या डोहाच्या खालचा."

"मला यातलं काही कळत नाही, मामा." तिचा आवाज रडवेला झाला.

भोयांनी नदीचा एकेक डोह त्यातल्या माशाच्या नावानं ओळखला होता. शालन लग्न होऊन आली त्याला बारा वर्षं झाली, पण तिनं नदीतली मरळ कधी पाहिली नव्हती. आपण शेवटची कधी धरली, ते दगडूबांनाही आठवेना.

गाळ मांडीला लागला. त्यांनी दमून डोळे मिटले.

"जिथनं जाताना तू नाकाला पदर लावतेस ना, तिथं."

"मग तसं सांगायचं की," शालन म्हणाली. "आलेच."