सात पिढ्या काळा

“घोडा काया, घोडी कायी, आन शिंगरू लाल? रेवाबाई, तू मन्ही घोडीले दुसराच घोडा लावा!”

रतिलाल पाटलांनी लाल शिंगरू पुढे ओढत हे सारंगखेड्याच्या घोडेबाजारात म्हटलं, तेही ऐन दत्तजयंतीच्या गर्दीत. साल एकोणीसशे एकतीस. नवऱ्यामागे रेवाबाई एकटीनं घोडा सांभाळत होती. गावोगावच्या घोड्या त्याच्याकडून फळवायला तिच्या दाराशी येत, त्यावर ती आणि घोडा दोघंही जगत. आज लबाडीचा शिक्का बसला, तर उद्या तिच्याकडे कोणी फिरकणार नव्हतं.

रेवाबाईनं मान खाली घातली नाही. “पाटील, घोडी कोणापाईन लिन्ही?”

“हाऊ रेवजी उभा शे ना! त्यानापाईन. सात पिढ्या काया शे.”

घोडं विकताना त्याच्या पिढ्या म्हणून दाखवायच्या, ही इथली रीत. रेवजी सौदागरानं पुन्हा घडाघडा म्हटल्या. बाप काळा, बापाचा बाप काळा, त्याचाही बाप काळा. लोकांनी माना डोलावल्या.

“हाई समदा बाप व्हयनात,” रेवाबाई म्हणाली. “आते घोडीनी मायना रंग सांग.”

रेवजी गडबडला. आजवर त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं.

“दत्तना दारमा उभा शे तू. खरं सांग.”

“लाल व्हती,” तो पुटपुटला.

“मन्हा घोडानी माय बी लालच व्हती. मी ते कधी दपाडं नही. मायना रंग लेकरूना आंगमा दपी ऱ्हास, दिसस नही, पाटील. दोन्हीकडथीन तसा ऊना, का चार शिंगरूमा एखादं लाल निंघस. वीस वरीस मी दखी ऱ्हायनू.”

तिचा आवाज चढला नव्हता. अभिमान मात्र चांगलाच चढला होता, आणि का चढू नये? नवरा होता तोवर लोक तिला नुसती चारा टाकणारी समजत.

पाटलांनी शिंगराच्या पाठीवर हात ठेवला. “चुकनं मन्हं, बाई.” भर बाजारात पाटील चूक कबूल करतो, हे काही रोज घडत नाही.

एवढ्यात उदेसिंग गिरासे आपली काळी घोडी घेऊन पुढे आले. तिलाही रेवाबाईच्याच घोड्याकडे आणायचं होतं. मिशीवर हात ठेवून त्यांनी सुरुवात केली, “हिना बाप...”

रेवाबाईनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

मिशीवरचा हात खाली आला. घोडी तिथंच बांधून उदेसिंग तिची माय कोणत्या रंगाची होती ते विचारायला निघाले.