पृथ्वीकडे तोंड

"पृथ्वीकडे तोंड," बाईंनी पुन्हा बजावलं. "चंद्र कधी पाठ दाखवत नाही."

वर्गातले बाक भिंतीला लावले होते. छताला टांगलेला छोटा कॅमेरा खालच्या मुलांची हालचाल टिपत होता आणि पडद्यावर त्या मुलांचे गोल होत होते. मध्ये उभी राहील ती पृथ्वी, खडूच्या वर्तुळावरून चालेल तो चंद्र. चंद्राचं तोंड जरा वळलं की पडद्यावरचा चंद्र विझायचा. सहा जोड्या बाद झाल्या होत्या. कुणी पायांकडे बघितलं, कुणाला हसूच आवरेना. बाकांवर चढून बसलेला वर्ग पुढच्या चिठ्ठीची वाट बघत होता.

सातवी चिठ्ठी निघाली. पृथ्वी मास्तरीण, चंद्र भिंगरी; दोन्ही नावं वर्गानेच ठेवलेली. एक सगळ्यांच्या चुका काढायची, दुसरी एका जागी टिकायची नाही. दोघी जिवलग मैत्रिणी, पण आठ दिवस एकमेकींशी अबोला.

"बाई, चिठ्ठी बदला ना," भिंगरी म्हणाली.

"बदलायची नाही."

भिंगरी वर्तुळावर गेली आणि मान फिरवून उभी राहिली. पडद्यावरचा चंद्र विझलेलाच. शेवटी तिने समोर बघितलं. चंद्र उजळला.

ती एकेक पाऊल बाजूला टाकत निघाली. पृथ्वीवर कसलंच बंधन नव्हतं, तरी मास्तरीणही जागच्या जागी तिच्याबरोबर वळत राहिली. अर्धी फेरी झाली. पाऊण. भिंगरीचे ओठ थरथरले, पण नजर हलली नाही. मग पाऊल पहिल्या खुणेवर पडलं आणि बाक दणाणले.

"थांबा, थांबा," बाईंचाही आवाज चढला होता. "आता सांगा, चंद्र स्वतःभोवती फिरला का?"

"नाही," सगळा वर्ग ओरडला.

"मी कुठे फिरले?" भिंगरी म्हणाली. "मी तर हिच्याकडेच बघत होते."

"फिरली, बाई," मास्तरीण म्हणाली. "आधी तिचं तोंड खिडक्यांकडे होतं. मग दाराकडे, मग फळ्याकडे, मग कपाटाकडे. चारही भिंती झाल्या. म्हणजे एक गिरकी पुरी."

बाई नुसत्या हसल्या. भिंगरी मैत्रिणीकडे बघत राहिली.

"तू मोजत होतीस?"

"मग काय."

बाईंनी आठव्या चिठ्ठीसाठी डब्यात हात घातला. तेवढ्यात भिंगरीने मास्तरणीला दंडाला धरून वर्तुळावर आणलं आणि स्वतः मध्ये जाऊन उभी राहिली.

"आता तू चंद्र हो."