सम्राज्ञीचं कुंकू

पुंडलिकनगरच्या टॅरो पत्त्यांच्या वर्गात शिकवणारी उमा भडकली होती. "सम्राज्ञीचं पान हे आपल्यातल्या सर्जनशक्तीचं प्रतीक आहे, मनकर्णाबाई. ध्यानासाठी दिलेलं पान तुम्ही देव्हाऱ्यात ठेवून त्याला कुंकू लावलंत?"

"बाईचं कपाळ मोकळं कसं ठिवावं? लावलं. पण आता पुसू नका, मॅडम."

उमानं ते पान बाजूला सारलं आणि पत्त्यांचा नवा, सीलबंद जोड फोडला. त्यातल्या सम्राज्ञीच्या कपाळावरही कुंकू होतं, ओलं.

"हा चावटपणा कुणाचा?" तिनं अंगठ्यानं ते खसाखसा पुसलं.

मनकर्णाबाईंनी कुंकवाची डबी पुढं केली. "आधी तुमच्या कपाळाला लावा, मॅडम."

उमानं कपाळ चाचपलं. सकाळी लावलेलं कुंकू गेलं होतं.

पानावरचं तसंच होतं.